रकाना सातवा : तार आहे

प्रभावतीच्या टेबलापुढे खुर्ची नव्हती. होती ती तिने स्वतः उचलून भिंतीला लावून ठेवली होती, कारण बसलेला माणूस लवकर उठत नाही. ज्याला आपल्या गावच्या रस्त्याबद्दल बोलायचं असेल त्याने उभं राहून बोलावं आणि जावं.

साल अठ्ठ्याहत्तर. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतून रस्ते, पूल आणि मोऱ्यांचे मिळून एकेचाळीस प्रस्ताव पणजीच्या त्या नियोजन कार्यालयात आले होते. पैसे होते पाच कामांपुरते. आजवर अशी कामं कशी ठरत ते सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याची ओळख त्याचा पूल. या वेळी मात्र वरून हुकूम आला की प्रत्येक प्रस्तावाला गुण द्या, बेरीज करा, आणि पहिले पाच उचला. गुणांचा तक्ता प्रभावतीने बसवला. लोकसंख्येला इतके, शाळा-दवाखान्याच्या अंतराला इतके, दिवसाला जाणाऱ्या गाड्यांना इतके. शाळेतल्या पेपरासारखा तिने एकेक अर्ज तपासला, आणि कुणाला अर्धा गुण फुकट दिला नाही.

लोक चिडले. शिरगावचा खनिज ट्रकांचा रस्ता पहिला आला म्हणून बाकीचे चिडले. पहिला येऊनही रुंदी कमी धरली म्हणून ट्रकवाले चिडले. एकाने काजूगरांची पिशवी टेबलावर ठेवली. तिने ती शिपायाकरवी जिन्यापर्यंत पोचवली आणि मोठ्याने म्हणाली, "यांचं काहीतरी इथे विसरलंय." खात्यात तिला कुणी मित्र नव्हता, आणि तिला त्याची खंतही नव्हती. बेळगावला कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई, वय अडतीस, लग्न नाही, आणि दुसऱ्याच्या टिपणातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारल्याशिवाय कागद पुढे सरकवायची नाही. अशा माणसाला मित्र असतात कुठे?

तिच्या या सवयीने भाऊही तुटला होता. तिचं माहेर भोमवाडा, पेडण्यात शापोरा नदीच्या काठावर. थोरला भाऊ कृष्णनाथ तिथेच शेती बघे. अकरा वर्षांपूर्वी त्याने तिला चतुर्थीला ये म्हणून पत्र लिहिलं होतं, गावच्या बोलीत भिजलेल्या मराठीत. तिने त्यातल्या एकोणीस चुका लाल शाईने दुरुस्त करून पत्र परत पाठवलं. तिला वाटलं, भावाला उपयोग होईल. त्यानंतर कृष्णनाथने तिला एक ओळ लिहिली नाही. पुढे तो सरपंच झाला, तेही तिला वर्तमानपत्रातून कळलं.

आता भोमवाड्याचा पुलाचा प्रस्ताव त्याच्याच सहीने आला होता आणि अठ्ठावन्न गुण मिळवून अकराव्या नंबरावर बसला होता.

यादी फलकावर लागली त्याच्या चौथ्या दिवशी बाबली आला. प्रभावती ओळखून होती त्याला. पाचवीपासून मॅट्रिकपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ याच्याच होडीतून ती पलीकडच्या शाळेत गेली होती. आता दाढी पांढरी झाली होती, खांदे तेवढेच रुंद होते.

"सरपंचान विचारूक धाडल्यान," तो म्हणाला. "आमचो नंबर अकरावो कसो?"

"त्यांना स्वतः यायला काय झालं?"

"तां त्येंकाच इचार. माका नंबराचा सांग."

तिने अर्ज काढला. "हे बघ, रकाना सातवा. दळणवळणाची सोय. तुमच्या सरपंचांनी लिहिलंय, 'तार आहे.' ज्या गावात तार आहे ते गाव तुटलेलं धरत नाहीत. सहा गुण तिथे गेले. आठव्यात नदी ओलांडायची अडचण विचारली, तर लिहिलंय 'वर लिहिले आहे'. वर काही लिहिलेलं नाही. तेही सहा गेले."

बाबली विचारात पडला. "तार असा म्हणान गुण गेले?"

"हो."

"मगे पूल कोणाक देतास? जंय तार नाय तेंका? थंय न्हंयच नसतली, पूल घालून करतले काय? काजी सुकवतले?"

"नदीचा काय संबंध? तार म्हणजे तारायंत्र. पोस्टातलं."

बाबलीने तिच्याकडे असं पाहिलं की तिचा हात कागदावरच राहिला. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

"बाय," तो म्हणाला, "तार म्हणजे मी."

पेडण्याकडे तार म्हणजे नदी उतरायची जागा, तिथली होडी, आणि ती वल्हवणारा तो तारी. हे प्रभावतीला कुणी शिकवायला नको होतं. 'तारीर वचूया' म्हणत दप्तर डोक्यावर घेऊन चिखलातून धावलेली पोर होती ती. पण कचेरीतल्या मराठीत तार म्हणजे तारच, आणि भावाचं अक्षर दिसताच तिने नेहमीसारखं नाक मुरडून पान उलटलं होतं. पणजीच्या एखाद्या पावलूने किंवा पुण्याच्या एखाद्या कुलकर्ण्याने ही चूक केली असती तर तिने त्याला दहा माणसांत झोडपलं असतं.

ती उठली आणि गोकुळदासबाबांच्या खोलीत गेली. गोकुळदासबाब खात्याचे उपप्रमुख. प्रभावतीने त्यांच्या टिपणांतले पूर्णविराम सुधारले होते, आणि ते विसरणारे नव्हते.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे चूक तुमची."

"माझी."

"आणि गाव तुमचं."

"माझं."

"छान. यादी सोमवारी सचिवालयात जाते. तोवर सरपंचाचं सही-शिक्क्याचं पत्र आणा, 'अर्ज भरताना आमची चूक झाली, तार याऐवजी होडी वाचावे' म्हणून. शिवाय तुमचं लेखी निवेदन. आणि प्रभावतीबाई, हेड क्लार्कच्या जागेची फाईलही माझ्याच टेबलावर आहे, हे तुमच्या ध्यानात असेलच."

शनिवारी दुपारी ती भोमवाड्यासमोरच्या काठावर उतरली तेव्हा सुकती, म्हणजे ओहोटी, नुकतीच लागली होती. पाणी मध्ये गेलं होतं, काठाला गुडघाभर चिखल. चपला हातात घेऊन तिने साडी खोचली. होडी हलल्यावर ती म्हणाली, "पूल झाला तर तुझं काय रे?"

"माझा काय? तार जातली. पण गेली तर पुलान जावंदे, पोस्टान कित्याक?"

कृष्णनाथ बलकांवावर, दारापुढच्या बैठकीवर, बसला होता. बहीण पायऱ्या चढताना दिसली तरी उठला नाही. वहिनी वत्सलाने तिच्या पायांवर ओतायला पाण्याची कळशी आणली, तेव्हा तो म्हणाला, "पाय धुवूक कित्याक व्हयां? परत जाताना तोच चिखल असा."

प्रभावतीने बसायच्या आधीच काम सांगितलं. आपण काय वाचलं, गुण कसे गेले, पत्रात काय हवं.

"म्हणजे माजी चूक झाली असा लिवू?"

"साहेबांना तसं हवंय."

"मी काय लिवलंय? तार असा. असा काय नाय?"

"आहे."

"वर लिवलंय म्हणान लिवलंय. वर लिवला होता काय नाय?"

"होतं."

"मगे चूक कोणाची?"

तिला वाटलं, एवढं तरी याने विचारू नये. वहिनी दारात उभी, बाबली अंगणात उभा, आणि हा माणूस तिला शाळेतल्यासारखं उभं करून उत्तर मागत होता. "माझी," ती म्हणाली. "सोमवारपर्यंत पत्र गेलं नाही तर पूल जातो, दादा. माझ्यावरचा राग माझ्यावर काढ. पोरांना कशाला आणखी वीस वर्षं चिखलातून चालवतोस?"

"पोरांचा तू माका शिकव नको. तू गेलंस त्या दिसापासून ह्या पोरांक मी चलवतंय." तो आत गेला, पंचायतीचा कागद आणि शिक्का घेऊन आला. "लिवतंय. पण मी सांगान तसा. एक काना-मात्रा बदललंस तर पत्र फाडून न्हंयत टाकतलंय."

त्याने गुडघ्यावर पाट घेऊन लिहिलं, वेळ घेऊन, मोठ्या अक्षरात. मग तिच्या हातात दिलं. तिने तिथेच वाचलं.

'आमच्या अर्जात चूक नाही. आमच्या गावात तार आहे. तारी बाबली आहे. पुऱ्या सुकतीला ती चालत नाही. हे ज्या बाईला कळले नाही ती ह्याच गावची, ह्याच तारीतून सात वर्सा शाळेत गेलेली. तार म्हणजे काय हे तिका आमी न्हानपणीच शिकवले होते. मागीर ती शिकली आणि विसरली. तिच्या चुकीसाठी आमचे गुण कापू नये.'

खाली सही. शिक्का.

"जेवून जाशील?" वत्सलाने विचारलं.

"तिका येळ नाय," कृष्णनाथच बोलला, आणि प्रभावती परत चिखलात उतरली.

सोमवारी गोकुळदासबाबांनी पत्र मोठ्याने वाचलं, दोनदा, दार उघडं ठेवून. बाहेरची टंकलेखन यंत्रं थांबली. मग त्यांनी आवाज खाली आणला. "हे फाईलला लागलं की कायमचं लागलं. हेड क्लार्कची फाईल बघणारा ही आधी बघेल. त्यापेक्षा साधं पत्र टाईप करा, मी सावकाश सही मागवून घेतो. यादी आज जाऊ द्या. पुढल्या वर्षी बघू भोमवाड्याचं."

"पुढल्या वर्षी तक्ता कोण बसवणार, मला ठाऊक नाही," प्रभावती म्हणाली. तिने पत्राला आवक क्रमांक घातला, त्याखाली आपलं निवेदन लावलं, दोन ओळींचं, कारण न देता. भोमवाड्याचे अठ्ठावन्न खोडून सत्तर केले. सर्वणचा रस्ता सहासष्टवर पाचवा होता. तो सहावा झाला. कागदावर एक आकडा वर गेला आणि एक खाली आला. बारा वाजता यादी सचिवालयात गेली.

हेड क्लार्कची जागा अर्थातच दुसऱ्याला मिळाली.

आठवड्याने सर्वणचे चौघे आले, तापलेले. पाचवे होतो, सहावे कसे झालो, आणि वर बसलेलं गाव बाईंचं माहेर कसं?

प्रभावतीने भिंतीची खुर्ची काही पुढे आणली नाही. फाईल उघडली, पत्र त्यांच्याकडे फिरवलं आणि म्हणाली, "वाचा. मोठ्याने वाचलंत तरी चालेल."

त्यांच्यातल्या एकाने वाचलं. 'मागीर ती शिकली आणि विसरली' या ओळीवर तो अडखळला आणि त्याने वर पाहिलं.

"पुढे वाचा," ती म्हणाली. "शिक्का खाली आहे."