सुहासकाकांच्या स्टाइल्सची नावं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाहीये. आईला नाही, माझ्या बेस्ट फ्रेंडला नाही — आणि तिला तर मी डब्यात काय होतं तेही सांगते, यार! आता भरभर टाइप करतेय, कारण थांबले तर सगळं पुसून टाकेन. मला माहितेय ना मी कशी आहे.

मी डिझायनर आहे. घाटकोपरला राहते, मेट्रोने अंधेरीला जाते, एमआयडीसीत एका जुन्या गाळ्यात आमचा स्टुडिओ आहे. दुकानांचे बोर्ड, मिठाईचे बॉक्स, मालिकांची टायटलं, गणपतीचे बॅनर — अक्षर असेल तिथे आम्ही.

तुला लेयर स्टाइल म्हणजे काय ते सांगू? थांब, हे मला खूप आवडतं. स्क्रीनवर अक्षर लिहिलं ना, की ते नुसतं सपाट पडलेलं असतं. मग त्याला मागे सावली दे, कडेला चमक दे, आतून थोडासा उजेड सोड — आणि ते एकदम श्वास घ्यायला लागतं! ह्या सगळ्या सेटिंग मिळून एक स्टाइल होते. ती सेव्ह करायची, तिला नाव द्यायचं, आणि पुढच्या वेळी एका क्लिकवर कुठल्याही अक्षरावर चढवायची. बस.

आमच्याकडे सुहासकाकांच्या अशा दोनशे चाळीस स्टाइल्स होत्या.

काका पन्नाशीचे. आधी हाताने बोर्ड रंगवायचे, मग तो धंदा बसला, तेव्हा कॉम्प्युटर शिकले. आणि त्यांनी स्टाइल्सना नावं काय दिली होती माहितेय? जुहू साडेसहा. माहुल दुपार. मुलुंड डोंगर सकाळ. प्रत्येक नावाला जागा आणि वेळ. म्हणजे ते खरंच तिथे जाऊन उभे राहायचे, बघायचे, आणि सोमवारी येऊन तो उजेड बनवायचे. जुहू साडेसहा लावलं की अक्षराची सावली लांब पडायची, कडा मधासारख्या पिवळ्या व्हायच्या. माहुल दुपारमध्ये सगळं धुरकट, जणू अक्षर तेलकट काचेमागे झोपलंय. मी पहिल्या आठवड्यात नुसत्या एकामागून एक लावून बघत बसायचे. काम राहिलं बाजूला. अक्षरांवरून अख्खा दिवस सरकून जायचा — पहाट, ऊन, संध्याकाळ — आणि मी खुर्चीतच. मी इतकी सुखी पुन्हा कुठल्या ऑफिसात होईन का? माहीत नाही.

काका मागून बघायचे आणि हसायचे. "गो बाय, जास्त चमकवू नको. सावली म्हणजे डाग नाय."

बघ, मी परत गोड गोड सांगत बसले. मुद्द्यावर येते.

आमच्याकडे क्लायंट सिटिंग असते. क्लायंट येऊन बाजूला खुर्ची टाकून बसतो, आणि "थोडं सोनेरी करा, थोडं कमी करा" म्हणतो, आणि आपण त्याच्या डोळ्यांसमोर करून दाखवायचं. भल्याभल्यांचे हात कापतात. काकांचे नाही कापायचे. क्लायंट म्हणायचा, "जरा सणासारखं," आणि काका यादीत नाव शोधून टक्कन क्लिक करायचे. नाव शोधून — हे लक्षात ठेव. कारण यादीतले ते छोटे छोटे चौकोन त्यांना दिसायचे नाहीत. डोळे अधू झाले होते. अक्षर मोठं करून ते फक्त नावं वाचायचे. हे स्टुडिओच्या मालकीण मॅडमना माहीत नव्हतं. मला होतं. त्यांनीच सांगितलं होतं, चहा पिताना, हळूच.

एका मोठ्या मिठाईवाल्याचं काम आलं. सगळ्या दुकानांचे बोर्ड, सगळे बॉक्स, वर्षभराचं काम. शनिवारी सिटिंग. मॅडम म्हणाल्या, सुहास करेल, आणि काम मिळालं तर टीमही तोच सांभाळेल.

मला वाटलं — मी का नाही? मी फास्ट आहे, मला सगळं येतं. तेव्हा खरंच वाटलं होतं, सगळं येतं.

शुक्रवारी काका डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणून दुपारीच निघाले. मी मॅडमना म्हटलं, स्टाइल्सचा पसारा झालाय, मी लावून ठेवू का? त्या म्हणाल्या, अरे वा, झकास. आणि मी लावल्या ना! इतक्या सुंदर लावल्या. सोनेरी एका फोल्डरमध्ये, काचेच्या एका, खडूच्या एका. आणि सगळ्यांची नावं पुसून आकडे टाकले. नुसतं एक, दोन, तीन... दोनशे चाळीसपर्यंत. फोल्डरांनाही आकडेच. एकेक जागा जात होती आणि मला — कसं सांगू — मस्त गुंगी आल्यासारखं वाटत होतं.

पसारा आवरणं हे काम खरं होतं. पण शुक्रवारच का? आणि काकांचा जुना फोल्डर जसाच्या तसा मी आधी माझ्या मशीनवर का कॉपी करून ठेवला? मला कळत होतं मी काय करतेय. प्रत्येक नाव पुसताना कळत होतं.

शनिवारी मिठाईवाले शेठ बसले. म्हणाले, संध्याकाळची आरती असते ना, तसं काहीतरी. काकांनी यादी उघडली. वर गेले, खाली गेले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "खंय गेला सगळा?" असं अगदी बारीक आवाजात म्हणाले. मग एका चौकोनावर अंदाजाने क्लिक केलं आणि शेठच्या नावावर करडी काच चढली.

शेठ हसून म्हणाले, "हे तर फ्रिजमध्ये ठेवल्यासारखं झालं!"

सगळे हसले. मी पण.

मग मी उठले आणि म्हटलं, काका, मी करू का? त्यांनी लगेच खुर्ची दिली. मी सात नंबर लावला. म्हणजे जुहू साडेसहा. शेठ खूश.

मॅडमनी नंतर विचारलं, नावं कुठे गेली रे सुहास? काकांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही हं — मदतीसाठी. आणि मी म्हटलं, "अपडेट आलं होतं ना, त्यात उडाली असतील." पसारा मी आवरला हे मॅडमना माहीत होतं, पण नावं मी पुसली हे कुणाला कळणार?

टीम मला मिळाली. काकांना मागच्या खोलीत कटिंगच्या मशीनवर बसवलं. स्टिकर कापायला.

आणि अजून आहे. जेवणाच्या सुट्टीत ते जुन्या मशीनवर बसून स्टाइल्स परत बनवायला लागले. आठवून आठवून. स्क्रीनला नाक लावून. एकदा मला विचारलं, "तुका आठवता गो, जुहूच्या त्या पिवळ्यात लाल किती होता?" फोल्डर माझ्या मशीनवर होता. एका क्लिकवर सगळं परत आलं असतं. मी म्हटलं, नाही काका, नाही आठवत.

पाच महिन्यांनी ते सोडून गेले. कणकवलीला, भावाकडे. जायच्या दिवशी माझ्या टेबलापाशी आले, म्हणाले, "चाळीसच झाले. पण नव्या पोरांका शून्यातून सुरुवात नको." माझ्या मशीनवर त्यांनी एक फोल्डर टाकला. सगळ्या स्टाइल्सना परत नावं दिली होती. जागा आणि वेळ.

ते गेल्यावर मी उघडून बघितला. रंग हलले होते. सावल्या एकाच अक्षराला दोन दिशांना पडत होत्या. माझ्याकडे होत्या त्या चांगल्या होत्या. मी तो चाळीसांचा फोल्डर डिलीट केला.