शुक्रवारचं भजन

विलासने आयुष्यात एकदाही भजन केलं नाही.

गेल्या शुक्रवारी त्याच्या शोकसभेत माइक हातात घेऊन मी जे सांगितलं, ते साफ खोटं होतं.

आज त्याला जाऊन महिना झाला. आपली सगळी मंडळी या ग्रुपवर आहेत, म्हणून इथेच सांगतो. 

विलास मूळचा खेडचा. इथे आखातात आमच्याच बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेयर, मी स्टोअरला. अल हैलला एकाच बिल्डिंगमध्ये तो माझ्या वरच्या मजल्यावर राहायचा.

त्याला सिनेमाचं वेड होतं.

कसले सिनेमे? इटलीचे, स्पेनचे, फ्रान्सचे. सत्तरच्या दशकातले. पडक्या किल्ल्यात रक्त पिणाऱ्या बाया, मठातल्या बिघडलेल्या नन्स. कपडे कमी, किंकाळ्या जास्त. रक्त तर सरळ सरबताच्या रंगाचं.

गावाकडे ज्याला आपण 'मॉर्निंग शो' म्हणायचो आणि ओळखीचं कुणी दिसलं की पोस्टरकडे पाठ फिरवायचो, तेच.

एकदा ऑफिसात त्याचा फोन आला. माझा फोन स्पीकरवर, समोर अर्बाब, म्हणजे आमचा अरब मालक. त्याला हिंदी छान कळतं.

"शुक्रवारी येतोयस ना? जबरदस्त माल मिळालाय."

अर्बाबने मान वर केली. "शुक्रवार को क्या है?"

"भजन है, अर्बाब. प्रेयर."

"माशाल्ला! विलास गुड मॅन."

त्या दिवसापासून आमच्या मॉर्निंग शोचं नाव भजन पडलं.

शुक्रवारी सुट्टी, सकाळी आमच्या दोघांच्या बायका बाजारात जायच्या. मी घरी सांगायचो, वर भजनाला जातो. मग पडदे ओढायचे, पोह्यांच्या बश्या घ्यायच्या आणि बसायचं.

मी कशासाठी बसायचो ते काही वेगळं सांगायला नको.

विलासचं वेगळं होतं. तो नेमका नको तिथे पॉज करायचा.

"हा जिना बघ. पैसे संपलेत बिचाऱ्यांचे. तोच जिना तिसऱ्यांदा वापरलाय, फक्त मेणबत्ती हलवलीय."

"अरे, पुढे घे ना."

"थांब रे. ऑर्गन ऐक."

बाईला मारझोड सुरू झाली की मात्र तो स्वतःच पुढे ढकलायचा. "हे नुसतं विकायला घातलंय," म्हणायचा आणि त्याचा चेहरा उतरायचा.

एका सिनेमात ती रक्त पिणारी बाई एकटीच खिडकीत बसून रडते. काही घडत नाही. विलासने तो शॉट मला चार वेळा दाखवला.

"हा घ्यायची कुणालाही गरज नव्हती. तिकीट याच्यावर विकलं जात नव्हतं. तरी घेतला त्या डायरेक्टरने."

मी घड्याळ बघत होतो. बायका यायची वेळ झाली होती.

मग विलास अचानक गेला. हार्ट. वहिनी, म्हणजे विलासची बायको, त्याला शेवटचं गावी पोचवून परत आल्या, घर आवरायला आणि व्हिसा कॅन्सल करायला. आपण शोकसभा ठेवली. बोलायचं काम नेहमीसारखं माझ्याकडे, कारण गणपतीत माइक सोडत नाही तो मीच.

उभा राहिलो. समोर वहिनी, तुम्ही सगळे, तुमची मुलं. विलासबद्दल काय सांगावं? जे त्याचं खरं प्रेम होतं ते सांगितलं तर दुसरा प्रश्न ठरलेला. सोबत कोण असायचं?

आणि तोंडातून निघून गेलं, "विलासला भजनाची फार आवड. दर शुक्रवारी आम्ही दोघं भजनाला बसायचो."

वहिनींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, गहिवरल्या.

तुमच्यापैकी किती जणांनी नंतर माझा हात हातात घेतला! तिथेच ठरलं, वहिनी जायच्या आधी त्यांच्या घरी विलासच्या आवडीचं भजन करायचं. शुक्रवारी, दहा वाजता. पुढाकार माझा.

काल संध्याकाळी मी वर गेलो. "वहिनी, टाळ मी आणतो मंडळाकडून."

"कशाला? घरातले वापरा की."

मी उगाच देवघराकडे बघितलं.

"दर शुक्रवारी बसायचात ना, भावोजी? मग टाळ कुठे गेले? आणि पडदे लावून कसलं हो भजन करतात?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वहिनींना सगळं ठाऊक होतं. पहिल्यापासून. विलासनेच सांगितलं होतं.

"मलापण दाखवला होता एक. त्या खिडकीत रडणाऱ्या बाईचा. मला नाही आवडला. पण हे त्या दिवशी किती बोलले! लग्न झाल्यापासून माझ्याशी एवढं कधी बोलले नव्हते."

पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सभेत मी वाट बघत होते. वाटलं, तुम्ही तरी ह्यांच्याबद्दल बोलाल. ह्यांची आवड बाहेर फक्त तुम्हालाच माहीत. तुम्ही भलत्याच माणसाला श्रद्धांजली वाहून आलात."

मी पायऱ्या उतरलो तो तोंड लपवत.

मला त्या सिनेमांची लाज वाटत होती म्हणून मी मित्रच बदलून टाकला. आता लाज वाटते ती या गोष्टीची. मॉर्निंग शोला जाताना वाटायची त्याहून कितीतरी जास्त.

म्हणून हे लिहिलं. आता आठ वाजलेत, दहाच्या आत वाचा. हसायचं असेल तर हसा, घरात मुलांपासून लपवायचं असेल तर लपवा. माझ्याबद्दल जे बोलायचं ते बोला, त्याच्याबद्दल नको.

टाळ आणत नाही. मृदंगवाल्यांना नाही म्हणून कळवलंय. वहिनी पोहे करणार आहेत. म्हणाल्या, पडदे उघडे ठेवू, आणि तो खिडकीतला एकच शॉट लावू, तेवढाच.

ज्यांना यायचं त्यांनी या. कुणी नाही आलं तरी आम्ही दोघं आहोत.

विलास, आज घड्याळ घरी काढून ठेवून येतोय. त्या बाईचं रडणं संपेपर्यंत बसेन.

जा बाबा. मनापासून निरोप.