मिटलेल्या नाकाचं विमान

कॉलेजच्या व्हरांड्यात जुन्या लढाऊ विमानांचे फोटो लावले आहेत. आज त्यातल्या इवल्याशा नॅट विमानापाशी थांबले आणि बसवनगुडीतली, आमच्या शेजारच्या जोशीकाकांची बैठकीची खोली आठवली. मी तेव्हा चौथीत असेन.

काका पुण्याचे, निवृत्त इंजिनिअर. माझे आजोबा, तात्या, सातवी शिकलेले. विमानांच्या कारखान्यात फिटर होते. काकांच्या संगणकावर युद्धाचा सिनेमा लागला होता. शत्रूचं विमान पेट घेऊन कोसळलं, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि तात्या हळहळले, "अय्यो, आपलंच पाडलं की रे!"

सगळे हसले. "तात्या, ते सेबर आहे, शत्रूचं," काका म्हणाले.

"नाही सर. सेबरचं नाक म्हणजे उघडं तोंड. याचं मिटलेलं आहे. हा आपला नॅट, सिनेमासाठी रंग तेवढा त्यांचा दिलाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या शिकलेल्या माणसाला असं कोणी सांगतं का? "तात्या, गप बसा ना," मी पुटपुटले.

काकांनी सिनेमा मागे नेला, चित्र थांबवलं आणि अगदी जवळ जाऊन पाहिलं. "खरंच की! चुकलो मी. तात्या, इकडे पुढे या. आता प्रत्येक विमान तुम्हीच ओळखायचं."

मग दर विमानाला सिनेमा थांबू लागला. मी तेव्हा अभिमानाने तात्यांकडेच बघत होते. आता वर्गात 'माझं चुकलं' म्हणताना जीभ अडखळते, तेव्हा मला 'चुकलो मी' म्हणत खुशीत हसणारे काका आठवतात.