माझ्या स्कूटरचं पासिंग

माझी स्कूटर वाटेत कधी बंदच पडली नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. ती पडायची. प्लगवर काजळी धरायची, क्लचची वायर तुटायची, पावसात भिजली की दहा-दहा किका मारायला लावायची. पण सहा वर्षांत तिने मला एकदाही शाळेत उशिरा पोचवलं नाही. इतकं छातीठोकपणे ज्यांच्याबद्दल सांगता येईल अशी माणसं माझ्या ओळखीत फार थोडी आहेत, आणि त्या काळी तरी त्यांत माझा नवरा नव्हता.

माझी शाळा पोलादपूर तालुक्यात, कुडपणच्या बाजूच्या डोंगरात. घर महाडला, कारण नवरा महाडच्या कोर्टात कारकून आणि मुलगी तिथल्याच शाळेत चौथीला. डोंगरावर जाणारी एसटी संध्याकाळची, मुक्कामाची. ती रात्री वर झोपायची आणि सकाळी खाली यायची. म्हणजे जिला सकाळी वर जाऊन संध्याकाळी लेकराकडे परतायचं, तिला त्या गाडीचा काडीचा उपयोग नाही. माझ्या आधीचे गुरुजी वर्षाच्या आत बदली घेऊन गेले ते यामुळेच. मी बदली घेतली नाही, स्कूटर घेतली. जुनी, राखाडी रंगाची, डाव्या मुठीत गिअर फिरवायचे तसली, नऊ वर्षं वापरलेली. महाडच्या ज्या गॅरेजवाल्या चाचांकडून घेतली, ते आखातात बरीच वर्षं मोटारी दुरुस्त करून परतले होते. किल्ली हातात देताना म्हणाले, "बाई, पेट्रोलात ऑईल मापात टाका. बाकी ही काय मागणार नाय तुमच्याकडं."

नवऱ्याच्या डोळ्यांत मात्र ती पहिल्या दिवसापासून खुपत होती. बाजारात लोक वळून बघतात, कोर्टात वकील चेष्टा करतात. लोक काय म्हणतील! चवदार तळ्याच्या गावात जन्म काढलेला, त्या पाण्यासाठी ज्यांनी डोकी फोडून घेतली त्यांचा सख्खा नातू, आणि मला विचारतो लोक काय म्हणतील. मी म्हटलं, "म्हणू द्या. म्हणून झालं की गप्प बसतील." सहा वर्षांत ते गप्प बसले नाहीत आणि मीही बसले नाही.

एकदा घाटात वळणावरच क्लचची वायर तुटली. मागून जीप आली. आतले चार बाप्ये उतरले आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत उभे राहिले. एकाने विचारलं, "कुणाला बोलवायचं का बाई?" मी म्हटलं, "वळणावर थांबलाय, मागून येणाऱ्यांना हात करा." डिकीतून दुसरी वायर काढली, पदर खोचला आणि बसवली. निघताना त्यातला एक म्हणाला, "मास्तरीणबाई जबरी हाय!" घरी येऊन मी हे मुद्दाम मीठमसाला लावून सांगितलं.

मग स्कूटरला पंधरा वर्षं भरत आली. पंधरा वर्षांनी गाडी पुन्हा पास करून घ्यावी लागते. आरटीओचे साहेब तपासतात, ठीक असेल तर पाच वर्षं वाढवून देतात, नाहीतर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. नवऱ्याने नेमका तोच मुहूर्त धरला. एका रविवारी त्यांनी टाईप केलेला कागद माझ्यापुढे ठेवला. बिनपगारी रजेचा अर्ज होता, कोर्टाच्या भाषेत, 'स्वखुशीने' वगैरे. खाली सहीची जागा तेवढी रिकामी.

"गाडी पास नाही झाली तर भंगारात द्यायची, आणि तू यावर सही करायची," ते म्हणाले. "पुढचं पुढं बघू."

पुढचं पुढं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. रजेवर बसलेली बाई पुन्हा नोकरीवर जाते ती कुणाच्या तरी मेहरबानीने. आणि वरच्या शाळेला कुलूप लागलं की पोरं गुरांमागे जातात. सगळं कळत असूनही मी रागाच्या भरात म्हणून बसले, "चालेल! झालीच नाही पास, तर करते सही." बोलून गेल्यावर चूक कळली, पण शब्द मागे घेणं आमच्या माहेरी कुणाला शिकवलेलं नव्हतं.

चाचांनी ब्रेकचे लायनर बदलले, दिवे आणि हॉर्न नीट केले. राहिला रंग. तो शिमग्याचा महिना होता आणि वरची वाडी चाकरमान्यांनी भरली होती. माझ्या तिसरीतल्या एका मुलीचा बाप मुंबईत लोखंडी कपाटांच्या कारखान्यात रंगारी. त्याला कुठूनतरी कळलं की बाईंची गाडी पासिंगला चालली आहे. तो शाळेत आला आणि म्हणाला, "बाई, रंग मी मारतो. पैशाचं नाव काढायचं नाय. आमच्या वाडीची लाज हाय ती." देवाची पालखी वाडीत नाचत होती आणि हा पठ्ठ्या शाळेच्या पडवीत दोन दिवस स्कूटर खोलून बसला होता. घासली, पुट्टी भरली, पुन्हा घासली. गाडीच्या नोंदणीच्या बुकात राखाडी रंग लिहिलेला, आणि कपाटंही राखाडीच असतात, त्यामुळे त्याचा हात अगदी बसलेला. तिसऱ्या दिवशी स्कूटर उभी केली तर नव्या कोऱ्या कपाटासारखी गुळगुळीत. "गंजाची भोकं पार बुजवली बाई," तो म्हणाला, "बाहेरची बुजवली, झाकणाखालची बी बुजवली. एक खड्डा ऱ्हायला नाय." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मलाही भरून आलं.

पासिंगचा कॅम्प महाडला महिन्यातून एकदा, एका मैदानात भरायचा. ट्रक, टेम्पो, रिक्षांची रांग, आणि रांगेत बाई मी एकटी. साहेबांनी कागद बघितले आणि विचारलं, "मिस्टर कुठायत?"

"कोर्टात. गाडी माझ्या नावावर आहे."

साहेबांनी माझ्याकडे एकदा बघितलं, मग स्वतः बसून मैदानाला चक्कर मारली. ब्रेक करकचून दाबून पाहिले. दिवा, हॉर्न, धूर, सगळं पाहिलं. "गाडी चांगली ठेवलीय," ते म्हणाले. मी फुगले. मग त्यांनी इंजिनावरचं झाकण काढायला लावलं आणि आत वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"चासी नंबर कुठंय?"

गाडीच्या सांगाड्यावर कारखान्यात ठोकून उमटवलेला नंबर असतो. तो बुकातल्या नंबराशी जुळला तरच ती गाडी ती गाडी. माझ्या स्कूटरचा सांगाडा तिथे कपाटाच्या दारासारखा सपाट होता. कपाटाला कुठे असला नंबर असतो! त्या बिचाऱ्याने पंधरा वर्षांचा तो झिजलेला नंबर गंजाची भोकं समजून मायेने, आकडा न आकडा बुजवून टाकला होता.

साहेबांनी फॉर्मवर लिहिलं, 'चासी नंबर आढळत नाही.' म्हणाले, "पुढच्या कॅम्पला या."

"पुढच्या कॅम्पला मुदत संपलेली असेल, साहेब. तुम्ही किती वाजेपर्यंत आहात?"

"पाच."

"मग पाचच्या आत दाखवते."

शेजारच्या ट्रकवाल्याकडून थिनरची बाटली मागून घेतली, चिंध्या घेतल्या आणि तिथेच मातीत मांडी घातली. जेवणाच्या सुट्टीत नवरा आला. सगळा प्रकार बघितला आणि हळू आवाजात म्हणाला, "झालं ना आता? चल घरी. सगळे बघतायत."

मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. "बघू द्या!" मी ओरडले. "फुकट बघतायत! तुम्ही जा, तुमच्या कोर्टाची वेळ झाली."

ते गेले नाहीत. डबा हातात धरून उभे राहिले.

रंग निघाला, पण पुट्टी आकड्यांच्या आत घट्ट बसलेली. स्क्रू-ड्रायव्हर लावला तर आकडेच खरवडतील. केसातली पिन काढली आणि एकेक खाच कोरत बसले. दोन तास गेले. राखाडीत राखाडी, काही दिसेना. हात पुसायला रुमाल काढावा म्हणून पर्समध्ये हात घातला तर खडू हाताला लागला. मास्तरणीच्या पर्समध्ये एक वेळ पावडर नसेल, पण खडू असतोच. तो आडवा धरून सांगाड्यावर घासला, वरून हलका हात फिरवला, आणि खाचांत अडकलेल्या पांढऱ्या भुकटीत फळ्यावर लिहावे तसे आकडे उमटले. शेवटचे दोन सोडून.

साहेब बॅग भरत होते. "साहेब, दोनच राहिलेत!"

ते आले, शेजारी उकिडवे बसले आणि माझी पिन चालताना बघत राहिले. शेवटचा आकडा निघाल्यावर त्यांनी त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि छाप बुकाशी पडताळला. एका आकड्यावर थांबले.

"हा एक की सात?"

"सात. पोरांना रोज तेच शिकवते."

ते हसले. पाच वर्षांची मुदत लिहून सही केली. "रंग मात्र सुंदर मारलाय," जाताना म्हणाले. "कुणी मारला?"

"आमच्या पालकांनी," मी म्हटलं. त्या चाकरमान्याला मी यातलं काहीही कधी कळू दिलं नाही.

घरी जाऊन बुक टेबलावर ठेवलं आणि अर्जाचे चार तुकडे केले. नवऱ्याने ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी निघाले, तर ते रोजच्यापेक्षा तासभर आधीच कपडे करून, डबा घेऊन दारात उभे.

"मला कोर्टापर्यंत सोडशील?" त्यांनी विचारलं. "मागच्या गल्लीनं घे."

"बसा," मी म्हटलं.

ते मागे बसले. मी गल्ली सोडली आणि भर बाजारातून नेली, हॉर्न वाजवत. लोक वळून बघत होते. मला वाटलं, आता हे उतरतो म्हणतील. ते म्हणाले, "पुढं खड्डा आहे, सांभाळ." कोर्टाच्या फाटकाशी तीन वकील उभे होते. त्यांच्यासमोर उतरले, शर्ट नीट केला आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, "संध्याकाळी किती वाजता येशील न्यायला?"