दीपमाला सिस्टर आणि हवालदाराचं चायनीज

नर्सिंगचा कोर्स संपवून दीपमाला कांबळे साताऱ्यातल्या एका खाजगी दवाखान्यात लागली, ते साल शहाण्णव. मूळची कडेगावची. वडील जालिंदर गवंडीकाम करायचे. पोरीनं कुणापुढं दबून राहायचं नाही, हे त्यांनी तिला लहानपणापासून बजावलेलं. दवाखान्याच्या मागंच नर्सेसचं होस्टेल होतं. दीपमालाला कायम दुपारपाळी. ती सुटायची तोवर मेस बंद झालेली असायची आणि पातेल्यात गार भात तेवढा उरायचा.

पोवई नाक्यापासून थोडं आत एक चायनीज होतं. धनाजी नावाचा निवृत्त हवालदार ते चालवायचा, म्हणून सगळे त्याला हवालदाराचं चायनीज म्हणत. फौजेत असताना आसामात कुठंतरी तो नूडल्स शिकला होता. बाहेर भट्टी, आत पाचसहा टेबलं, लाल भिंतीवर पेंटरनं काढलेला ड्रॅगन. तो लांबून सरड्यासारखा दिसायचा. अंधार पडला की तिथं बिअर चालायची, क्वार्टर चालायची, आणि चखण्याला चिकन चिली.

दीपमाला पहिल्यांदा आत शिरली तेव्हा धनाजी कढई हलवायचा थांबला.

"पार्सल का?"

"न्हाई. बसून खाणार."

"हितं बायका बसत न्हाईत."

"मी बसले की. एक हाका नूडल्स द्या."

त्यानं प्लेट आदळली. शेजवान चटणी इतकी ओतली होती की तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं शेवटच्या घासापर्यंत खाल्लं, पैसे दिले, आणि दुसऱ्या दिवशी परत आली. "आज तिखट बेतानं," म्हणाली.

धनाजीला ती डोळ्यांसमोर नको होती. रोजची गिऱ्हाइकं कुरकुरायची. "हवालदार, शिवी द्यायचीबी चोरी झाली की रं," असं एकजण म्हणालाही. मग धनाजीनं कोपऱ्यातल्या टेबलापुढं फुलाफुलांचा पडदा लावला आणि तिला आत बसायला सांगितलं.

"प्यायलेत ते," दीपमाला म्हणाली. "पडदा त्यास्नी लावा."

ती पडद्याबाहेरच बसली. त्या दिवशी तिची ऑर्डर सगळ्यांत शेवटी आली, तीही गार.

असे काही महिने गेले. दोघं एकमेकांशी कामापुरतंही धड बोलत नव्हते. मग एका शनिवारी नाथाजी नावाचा ठेकेदार हातात ग्लास घेऊन तिच्या टेबलाशी आला आणि खुर्ची ओढून बसला.

"सिस्टर, आमचीबी नाडी बघा की जरा."

त्यानं मनगट पुढं केलं आणि दुसरा हात तिच्या हातावर ठेवला. दीपमालानं वाफाळतं मंचाव सूप उचललं आणि त्याच्या मांडीवर ओतलं. नाथाजी बोंबलत उठला. धनाजी झारा घेऊन धावत आला, तो तिच्याच अंगावर.

"तुमच्या लोकांत चालत असंल असलं. हितं न्हाई चालायचं!"

"आमच्या लोकांत म्हंजे?"

तो झारा घेऊन भट्टीकडं वळला. बाकीच्यांनी माना प्लेटीत घातल्या.

सोमवारी मेट्रननं तिला बोलावून घेतलं. धनाजी सकाळीच येऊन गेला होता. "दारूच्या अड्ड्यावर पुरुषांत बसता म्हणे. मला दवाखान्याचं नाव घालवायचं नाही. होस्टेल सोडा." दीपमालानं नाथाजीचं सगळं सांगितलं. मेट्रन म्हणाल्या, "मुळात तिथं गेलातच कशाला?"

त्याच रात्री पाळी सुटल्यावर ती चायनीजमध्ये गेली. सगळी टेबलं भरलेली. ती भट्टीपाशी उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हवालदार, मेट्रनला काय सांगितलंत?"

"जे दिसलं ते."

"काय दिसलं?"

धनाजी कोबी चिरत राहिला.

"नूडल्स खाताना दिसले मी. तेवढंच सांगायचं हुतं. बाकीचं कुठनं आणलंत?"

"निघा हितनं."

ती दारातल्या मोकळ्या खुर्चीवर बसली. कुणी तिला पाणी विचारलं नाही. धनाजीनं रागारागानं तिच्या डोक्यावरचा दिवा बंद केला. त्याच बटणावर निम्मं हॉटेल होतं. अंधारात ग्लास पडला, आरडाओरडा झाला, आणि त्याला दिवा परत लावावा लागला. कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं ती उठली. धनाजीकडं बघून म्हणाली, "माझ्या पोटावर पाय दिलात तुमी. आता सुखानं धंदा करा." आणि बाहेर पडली.

होस्टेल सुटलं, बाहेरची खोली पगारात परवडेना, म्हणून महिना संपायच्या आत तिनं नोकरी सोडली. सांगलीत एका प्रसूतिगृहात काम मिळालं, हळदीच्या पेठेजवळ खोली मिळाली. पुढं तिनं महेंद्र नावाच्या शिक्षकाशी लग्न केलं, वॉर्डाची इनचार्ज झाली. नव्या पोरींवर ती फार कडक होती, पण कोण कुठं जेवतं, कुणाबरोबर जेवतं, हे तिनं कधी कुणाला विचारलं नाही.

साताऱ्याचं नाव निघालं की तिचा चेहरा अजून बदलायचा. एकदा महेंद्र म्हणाला, "जाऊ दे आता. म्हातारा झाला असंल तो."

"हूं दे म्हातारा," ती म्हणाली. "म्हणून मी काय त्याला माफ करू व्हय?"