एकतीस लाद्यांखाली

माझा धाकटा दीर फरश्या बसवतो. सगळे त्याला तोलोबा म्हणतात. मी या घरात आले तेव्हा तो माझ्या कमरेला लागायचा, म्हणून अजून मी त्याला अरेतुरेच करते.

त्याला एकच नाद. उरलेल्या लाद्या बाकावर एकीवर एक रचायच्या आणि प्रत्येक थोडी पुढे सरकवत बाकाबाहेर न्यायच्या. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता तोल. सगळ्यात वरची निम्मी बाहेर, तिच्याखालची पाव, मग सहावा हिस्सा, मग आठवा. खाली जावं तसं केसभर. चार रचल्या की वरची अख्खी अधांतरी.

"दोन लाद्यांइतकं बाहेर जायला किती लागतील, वहिनी?"

"आठ की."

"एकतीस!"

मी दुसरीपर्यंत शिकलेली. मान डोलावली आणि मोकळी झाले.

त्या दुपारी फार उकडत होतं. त्याच्या कामाच्या खोलीतली जमीन गार, म्हणून मी बाकाच्या पायाला टेकून बसले आणि डोळा लागला. तो मागच्या दाराने आला. मध्ये बाक, त्यामुळे मी दिसलेच नाही, आणि त्याने माझ्याच बाजूला बाहेर काढत एकतीस लाद्या रचल्या.

जाग आली तर डोक्यावर दगडाचं छप्पर! गुडघे आखडलेले, उठायला सवयीने बाकाची कड धरायला हात वर केला, तेवढ्यात दारातून माझी जाऊ, त्याची बायको, किंचाळली, "ताई, हलू नका! अहो, ताई खाली आहेत!"

वरून त्याचा आवाज आला, "वहिनी, बाकाला टेकलाय का?"

"टेकलेय."

"तशाच राहा. पाठ काढली तरी बाक हलेल. श्वास हळू घ्या."

"घेऊ की नको, ते आधी ठरव."

जाऊ मला ओढायला धावली. "हात लावू नकोस!" तो ओरडला. "आधी वरच्या निघू देत. वरची गेली की पुढची ओढ कमी होते."

तो एकेक लादी सरळ वर उचलू लागला. वर दगडावर दगड घासत होता.

"बोल रे काहीतरी," मी म्हटलं.

"तीन लाद्या बाहेर जायला दोनशे सत्तावीस लागतात, वहिनी." आवाज रडवेला.

"आणि चार?"

"सोळाशेच्या वर."

"मग त्या भानगडीत तू पडू नकोस, बाबा."

हळूहळू माझ्या मांडीवर उजेड आला. शेवटी त्यानेच माझ्या काखेत हात घालून मला बाहेर काढलं आणि माझं मनगट धरून जमिनीवर बसला. सोडेचना.

नाद काही सुटला नाही. पण आता पहिली लादी ठेवण्याआधी तो वाकून बाकाखाली बघतो आणि हाक मारतो, "वहिनी?" मी त्याच्या पाठीमागे उभी असले तरी. मी 'ओ' देईपर्यंत लादीला हात लावत नाही.