अट क्रमांक सात

नियमाशिवाय पाण्याचा घोटही न घेणारा माणूस अख्ख्या भंडाऱ्यात मी एकच पाहिला, आणि तो आमच्याच कार्यालयात स्टोअर सांभाळायचा. खडूपासून खुर्चीपर्यंत सगळी सरकारी खरेदी त्यांच्या हातून व्हायची. आम्ही त्यांना बाबूजी म्हणायचो. तिघांचे भाव बंद पाकिटात मागवायचे, पाकिटं दोन साक्षीदारांसमोर फोडायची आणि सगळ्यांत कमी भाववाल्याला, म्हणजे 'एल-वन'ला, काम द्यायचं, हा सरकारचा नियम. सरकार तो कार्यालयापुरता पाळतं. बाबूजी तो घरी, बाजारात आणि ऑटो स्टँडवरसुद्धा पाळत.

राहायचे ते नदीपलीकडे, कारध्याला. संध्याकाळी स्टँडवर आले की तीन ऑटोवाल्यांना एकेक करून बाजूला घ्यायचे आणि कानात भाव विचारायचे. एकाचा दुसऱ्याला कळायला नको ना! ऑटोवाले काय कमी? ते लांबूनच ओरडायचे, "बाबूजी आले रे, पाकिटं काढा!" एल-वन ठरेपर्यंत तिघेही दुसऱ्या सवाऱ्या भरून निघून गेलेले असत आणि आमचे बाबूजी पुलावरून पायी घरी. मी एकदा हसलो तर म्हणाले, "पायी गेलो तं काय झालं गा? प्रक्रिया तं बरोबर झाली!"

भाचीच्या लग्नात पाणी भरायचा पितळेचा गुंड द्यायचा होता. पितळेच्या गावात गुंड घ्यायला असं किती लागतं? दुकानात जा, वाजवून पाहा, उचला. पण छे! पहिल्या खेपेला दोनच पाकिटं आली म्हणून पुन्हा भाव मागवले. दुसऱ्या खेपेला तीन आली तर एकावर सही नव्हती. साक्षीदार म्हणून मी आणि त्यांच्या मंडळी. सही करताना त्या माऊलीने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी गुंड आला, वजनाला पक्का आणि भावाला स्वस्त, आणि थेट भाचीच्या मुलाच्या बारशाला गेला.

सगळ्यांत मोठं व्रत म्हणजे कंपनीचं नाव तोंडातून न काढण्याचं. निविदेत वस्तूचं वर्णन लिहायचं, नाव नाही. नाव लिहिलं की अमक्याच्याच घशात घालायचं आधीच ठरलं होतं असा अर्थ होतो. म्हणून बाबूजी किराणा दुकानात उभे राहून दातांची पेस्ट मागायचे ती अशी, "पांढरी, पुदिन्याच्या वासाची, शंभर ग्रॅम, फिरकीच्या झाकणाची." दुकानदार बिचारा एकेक ट्यूब पुढे करायचा आणि हे मान हलवायचे. बायकोचंही नाव ते घेत नसत, पण ते जुन्या वळणामुळे. तिथे नियमाचा संबंध नव्हता.

पुढे दिवस पालटले. खरेदी कॉम्प्युटरवर गेली, पाकिटं गेली, लाखेची मोहोर गेली. बाबूजी पोर्टलवरचे भाव उघडतानाही सवयीने दोन साक्षीदार मागे उभे करत. मग माणसंही निविदेवर यायला लागली. आधी चौकीदार एजन्सीचा झाला, मग ड्रायव्हर. साफसफाई आणि चहापाणी पाहणाऱ्या कुसुमताई तर चौदा वर्षं एजन्सीच्याच. कार्यालय तेच, झाडू तोच. एजन्सी बदलली की फक्त साडीवरच्या कोटाचा रंग बदलायचा.

एका वर्षी बोलवा उठली की या खेपेला जी एजन्सी येईल ती आपल्याच बाया आणणार. कुसुमताईंची पोरगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. त्या स्टोअरच्या दारात उभ्या राहिल्या. "बाबूजी, माहं काय होईन जी?"

बाबूजींनी मान वर केली नाही. "मले कायले विचारता बाई? टेंडरात मानसाचं नाव नसते."

त्या डोळे पुसत गेल्या. मला असा राग आला म्हणता! म्हटलं, या माणसाच्या छातीत काळीज आहे की रबरी शिक्का? दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

चौथ्या दिवशी निविदेच्या अटी टेबलावर आल्या. सहा नेहमीच्या. सातवी बाबूजींच्या वळणदार अक्षरात अशी होती: "पुरविलेल्या कर्मचाऱ्यास स्टोअरचे मागील दार डाव्या खांद्याने उचलून उघडता यावे, नदीचे पाणी आवारात शिरल्यास कोणते गठ्ठे आधी माडीवर न्यावेत हे माहीत असावे, तसेच कोणाचा चहा बिनसाखरेचा हे न विचारता ठाऊक असावे."

एजन्सीवाल्यांना शंका विचारण्यासाठी बोलावलं, तेव्हा साहेबांनी भुवया चढवल्या. "बाबूजी, ही काय अट?"

"तांत्रिक हाय, सर. पूर येते. दार अडते. तुमाले शुगर हाय."

"पण असा माणूस आम्ही आणायचा कुठून?" एका एजन्सीवाल्याने विचारलं.

"ते तुमी पाहा. मले नाव घेता येत नाही."

तेवढ्यात कुसुमताई ट्रे घेऊन आल्या. कोणाला काही न विचारता बिनसाखरेचा कप त्यांनी साहेबांपुढे ठेवला आणि जाता जाता मागचं दार खांद्याने उचलून उघडलं. तिन्ही एजन्सीवाले त्यांच्याकडे पाहत राहिले. बाबूजी पंख्याकडे पाहत होते. त्या वर्षी कुसुमताईंचा कोट निळ्याचा हिरवा झाला, एवढाच फरक.

मागल्या वर्षी बाबूजी निवृत्त झाले आणि स्टोअर तात्पुरतं माझ्या गळ्यात पडलं. यंदा अटींची फाईल नव्या साहेबांकडून परत आली ती सातव्या अटीसमोर पेन्सिलीने लिहूनच: "कमी करावी?" मी फाईल घेऊन तडक कारध्याला गेलो. बाबूजी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होते.

"काहून गा, घाबरला?"

"बाबूजी, नियमानं पाहिलं तर ही अट..."

"चूक हाय," ते शांतपणे म्हणाले. "साऱ्या नोकरीत एकच टेंडर मी मानूस पाहून केलं. अन् त्याचाच मले पस्तावा नाही." त्यांनी दोन-तीन शेंगा सोलल्या. "दार अजून अडते का?"

"अडतं."

"मंग अट खरी हाय. लिही."

परत येऊन मी "अट कायम ठेवावी" असं लिहिलं, खाली कारण दिलं, "दार अडते", आणि साहेबांनी सही केली. कुसुमताईंना यातलं काहीच ठाऊक नाही. त्या माझा चहा कमी पत्तीचा आणतात, न विचारता.

त्याच गठ्ठ्यात आणखी एक कागद होता. बाबूजींची जागा आता भरायची नाही, एजन्सीकडून माणूस घ्यायचा. अट एकच: संगणक चालवता यावा. मी पेन्सिल घेतली आणि खाली लिहायला लागलो, नाव न घेता: "पायी घरी जावे लागले तरी प्रक्रिया न सोडणारा; आयुष्यात एकदाच, योग्य ठिकाणी सोडणारा." वाचलं आणि खोडून टाकलं. असा माणूस पुरवणारी एजन्सी कुठून येणार? एकही पाकीट आलं नसतं.